तापल्या चाकावर पाणी

इंदिराबाईंच्या घरात एकाच उन्हाळ्यात दोन नव्या वस्तू आल्या. आधी गाडी, मग महिन्याभरानं सून. सुनेला वस्तू म्हटलं म्हणून कुणी नाक मुरडू नये. त्या घरात हिशेब तोच होता, आणि त्यातही गाडीचा मान वरचा. गाडीवर रोज संध्याकाळी अंगभर कापडी खोळ चढायची. सुनेला थंडीत दुसरी गोधडी मागून घ्यावी लागायची, आणि मागितली की ती का लागते याचं कारण सांगावं लागायचं.

गाव कन्नडच्या घाटाच्या पायथ्याशी, चाळीसगाव सोडून घाटाकडे निघालं की लागणारं. इंदिराबाई विधवा, पण घर आणि शेत मुठीत ठेवून असलेल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा अभिमन याची पाइप आणि मोटारपंपांची एजन्सी होती. त्या कामासाठी तो दर आठवड्याला घाट चढून औरंगाबादला जायचा आणि संध्याकाळच्या आत घाट उतरून घरी यायचा. पांढरी गाडी त्यासाठीच घेतलेली. तिच्या पुढच्या चाकांत जुन्या गाड्यांसारखे बंद ड्रम नव्हते. बिडाची उघडी गोल थाळी होती, आणि ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी चिमटा बसावा तसे ब्रेक ती थाळी धरायचे. ‘डिस्क ब्रेक शे,’ असं अभिमन पारावर इतक्यांदा सांगायचा की गावातल्या म्हाताऱ्यांनाही तो शब्द पाठ झाला होता.

सून म्हणजे कोकिळा, अमळनेरची. हसरी होती, असं लग्नाच्या फोटोंवरून तरी दिसतं.

इंदिराबाईंच्या घरची एक रीत होती. घाटातून आलेल्या गाडीच्या चाकांवर दारातच पाणी ओतायचं, पाण्यात कडुलिंबाचा डहाळा बुडवून. ‘घाटमा कितला मरनात,’ इंदिराबाई म्हणायच्या, ‘त्या चाकले चिकटीसन घरमा येतस.’ बैलगाडीच्या काळात या रीतीत शहाणपणही होतं. उन्हानं लाकडी चाक आटतं, त्यावरची लोखंडी धाव सैल होते. पाणी पडलं की लाकूड फुगतं आणि धाव पुन्हा घट्ट बसते. भुतं जायची की नाही कुणास ठाऊक, चाक मात्र टिकायचं. पुढे बैलगाडी गेली, धाव गेली, रीत तेवढी राहिली.

आता हे पाणी ओतायला हात लागतो सवाष्णीचा. इंदिराबाईंचा चालत नव्हता. म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तांब्या कोकिळेच्या हातात आला. वेशीपाशी हॉर्न वाजला की हातातलं काम टाकून धावायचं, तांब्या भरायचा, डहाळा बुडवायचा, आणि गाडी दारात थांबते न थांबते तोच पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध धार सोडायची. एकदा तिला हिवताप भरला होता, दात वाजत होते. तरी हॉर्न वाजला तेव्हा इंदिराबाईंनी तिच्या अंगावरची गोधडी ओढली आणि तांब्या हातात दिला. अभिमन गाडीतून उतरला, बायकोचा तापलेला चेहरा त्यानं पाहिला आणि विचारलं, ‘सकाळी काच पुसली होतीस का? बघ किती डाग.’

पाणी पडलं की चाकातून चर्र असा आवाज निघायचा आणि वाफ वर यायची. हा आवाज कोकिळेच्या ओळखीचा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिनं भाकरी झाल्यावर चुलीवरच्या बिडाच्या तव्यावर पाणी शिंपडलं होतं, तेव्हा अस्साच चर्र आवाज झाला होता, आणि पाठोपाठ सासूचा.

‘तापेल तवावर पानी टाकस? वाकडा व्हई जाई ना तो! मायनी इतलं बी शिकाडं नई का?’

म्हणून एके दिवशी तांब्या हातात असताना तिनं भीत भीत तोंड उघडलं. अभिमन तिथंच होता, गाडीच्या दाराला टेकून मळ्यातल्या गड्याशी बोलत.

‘आई, चाक तापेल ऱ्हास. घाट उतरी येस ना गाडी. तवासारखं व्हई गयं तर?’

इंदिराबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ओसरीवरच्या कुत्रीनं बोलायला सुरुवात केली.

‘चर्र करस ती बला जळस. तुना मायना दारमा कव्हय गाडी उभी ऱ्हायनी व्हती का? चाकन्या गोठी मले शिकाडस!’

गडी हसला. अभिमनही हसला. ‘टाक व, टाक,’ तो म्हणाला, ‘माय सांगस तसं कर.’ आणि कोकिळेनं टाकलं. त्यानंतर तिनं चाकांबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या घरात शहाणी होण्यापेक्षा गप्प बसणं स्वस्त पडायचं.

दिवाळी झाली आणि गाडी थरथरायला लागली.

चालताना नाही, ब्रेक दाबला की. पायाखालचा ब्रेक उलटा पायालाच धक्के मारायचा, ढक ढक ढक, आणि स्टिअरिंग हातात असं थरथरायचं की काचेपुढे टांगलेली लिंबू-मिरची नाचायला लागायची. घाट उतरताना तर अभिमनचे दोन्ही पंजे बधिर व्हायचे. चाळीसगावच्या एका मिस्त्रीनं टायरांकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं बेअरिंग बदललं, तिसऱ्यानं ब्रेकचे गुटके नवे घातले. थरथर तशीच राहिली. अभिमन जेवता जेवता मध्येच घास हातात धरून बसायचा. घरात माणूस गेल्यावर बसतात तसा.

दोष कुठे आहे ते इंदिराबाईंना मिस्त्रींच्या आधीच कळलं होतं.

‘गाडी उनी तव्हय लोनीसारखी व्हती. हाई घरमा उनी तव्हयपासून कापस. पायगुन शे हिना.’

एकदा असं ठरलं की ते पक्कं करायला वेळ लागत नाही. आधी कोकिळेला पुढच्या सीटवर बसायची बंदी झाली. मग मागच्या. माघात चाळीसगावला नात्यातला साखरपुडा होता. आई-लेक गाडीतून निघाले आणि कोकिळेला एसटीनं यायला सांगितलं. ती फाट्यावर उभी असताना पांढरी गाडी तिच्यासमोरून गेली, मागची अख्खी सीट रिकामी घेऊन, आणि तिच्या नव्या लुगड्यावर धूळ उडवून. काचेतून इंदिराबाई समोर बघत होत्या. अभिमननं हात वर केला होता, पण तो आरसा नीट करायला.

त्या दिवशीही गाडी थरथरली. सून गाडीत नसताना थरथरली. साध्या माणसाला वाटेल, चला, पोरगी सुटली. पण इंदिराबाई साध्या नव्हत्या. ‘सकाय तिनीच पुसेल व्हती ना गाडी?’ त्या म्हणाल्या. ‘हात लागेल शे तिना.’ आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी पुसायलाही बंदी झाली. चाकांवर पाणी टाकायला मात्र बंदी नव्हती. ते रीतीचं काम होतं.

गावात बायकांना विषय मिळाला. विहिरीवर कुणीतरी हंडा उचलताना डुगडुगली की दुसरी म्हणायची, ‘काय व, कोकिळानी सावली पडनी का?’ कोकिळाही आधी त्यांच्याबरोबर हसायची. मग तिनं विहिरीवर जायची वेळ बदलली.

शेवटी एका दुपारी इंदिराबाईंनी निकाल लावला. त्या मुलाशी बोलत होत्या, पण आवाज स्वयंपाकघरात पोचेल इतका मोठा होता.

‘एक डाव धुळाना तोताराम मिस्तरीले दखाडू. गाडीमा खोट निंघनी, तर ठीक. नई निंघनी, तर मंग खोट कोठे शे ते मले माहीत शे. तिले अमळनेरले सोडी येऊ. आनाले जानं नई.’

अभिमन ‘बरं’ म्हणाला. मिरची संपली, आणायची आहे, असं कुणी सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तसं.

कोकिळेनं भिंतीला पाठ लावून ते ऐकलं. तिच्या पाठच्या दोघी बहिणी लग्नाच्या होत्या. सासरनं पायगुणाचा शिक्का मारून परत पाठवलेली थोरली बहीण ज्या घरात असते त्या घराचा उंबरा स्थळं चढत नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं. त्या दिवसापासून ती देवापुढे हात जोडून एकच मागणं मागायला लागली. लोक देवाला काय काय मागतात. ही म्हणायची, देवा, गाडी बिघडलेली असू दे. गाडीतच खोट निघू दे.

धुळ्याला निघायचं त्या दिवशी सकाळी इंदिराबाईंनी तिला नवल वाटावं इतक्या सरळ आवाजात सांगितलं, ‘तू बी चाल.’ इतक्या महिन्यांनी ती त्या गाडीत बसली. मागे, कोपऱ्यात, पाय जवळ ओढून. सीटला कमीत कमी अंग लागावं म्हणून. ब्रेक लागला आणि गाडी थरथरली की इंदिराबाई मान वळवून तिच्याकडे बघायच्या. वाटेत फाटक आलं, मेंढरं आली, बैलगाड्या आल्या. धुळ्यापर्यंत त्यांची मान दुखली असेल.

तोताराम मिस्त्रीचं गॅरेज धुळ्यात शिरतानाच होतं. मिस्त्री ढेरपोट्या, तोंडात तंबाखूचा बार, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचा चहावालाही त्यांची सगळी बोलणी फुकटात ऐकायचा. त्यांनी अभिमनला शेजारी बसवून एक चक्कर मारली, परत येऊन पुढचं चाक खोलायला घेतलं आणि पान्यासाठी डिकीकडे वळले.

‘डिकी नको,’ अभिमन घाईनं म्हणाला. ‘आत सामान आहे.’

कोकिळेला वाटलं, पाइपांचे जोड असतील. ती इंदिराबाईंच्या खुर्चीमागे उभी होती, कारण खुर्ची एकच होती.

मिस्त्रींनी स्वतःचा पाना आणला, चाक काढलं, आतली बिडाची थाळी हातानं फिरवली आणि तिच्याजवळ स्क्रू-ड्रायव्हरचं टोक स्थिर धरलं. थाळी फिरताना टोकाला लागायची, मग सुटायची, पुन्हा लागायची, पुन्हा सुटायची.

‘दखा भाऊ. थाळी वाकडी शे. दोन्ही बाजूनी असंच व्हई. ब्रेक धरतस, सोडतस, धरतस, सोडतस. मंग गाडी कापाव नई तर काय करी?’

कोकिळेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की दोष गाडीत आहे. गाडीत! तिच्या पायात नाही, सावलीत नाही, हातात नाही. त्या तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या पाया पडावं असं तिला वाटलं. ती हसली. आणि ते हसू इंदिराबाईंनी पाहिलं.

‘पन वाकडी कशी झायी?’ इंदिराबाईंनी विचारलं.

‘अक्का, तुमले काय सांगानं? तुमी बाया मानूस. तापेल तवावर गार पानी टाकं तर काय व्हस?’ मिस्त्री तंबाखू थुंकून अभिमनकडे वळले. ‘घाट उतरीसन येतस ना तुमी? थाळी लाल व्हयेल ऱ्हास. त्यावर कोनी पानी टाकस का?’

पलीकडच्या चहावाल्यानं गाळणी तशीच धरून कान टवकारले.

अभिमननं आईकडे पाहिलं. आईनं सुनेकडे पाहिलं. मग इंदिराबाईंनी हात लांब करून बोट दाखवलं.

‘हाईच टाकस. दर डाव टाकस. तांब्या भरीसन.’

कोकिळेला आधी कळलंच नाही. मग कळलं. ‘आई, तुमीच सांगं ना! मी तर म्हनी व्हती, चाक तापेल ऱ्हास म्हनीसन...’

‘मी कव्हय सांगं चाकवर टाक? मी सांगं, दारमा टाक. चाकना म्होरे, जमिनवर. इतली मोठी झायी, तुले चाक आनि जमीन समजत नई?’

कोकिळेनं अभिमनकडे पाहिलं. त्या दिवशी तो तिथं होता. दाराला टेकून उभा होता, हसला होता, टाक व टाक म्हणाला होता. एक शब्द. एवढाच तिला त्याच्याकडून हवा होता, आणि लग्नानंतर तिनं त्याच्याकडे मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती.

अभिमन खाली वाकून थाळी बघायला लागला. ‘माझं कुठं लक्ष असायचं,’ तो मिस्त्रीला म्हणाला. ‘मी उतरून सरळ आत जायचो. बायकांचं काय ते त्यांनाच माहीत.’

‘वहिनी,’ तोताराम मिस्त्री मोठ्यांदा म्हणाले, ‘सासुबाईवर राग व्हता तर दोन भांडा फोडी टाकता. गरीब गाडीनं तुमनं काय बिघाडं व्हतं?’

सगळे हसले. चहावाला हसला, चहा प्यायला आलेले ट्रकवाले हसले, अभिमनही हसला. इंदिराबाई हसल्या नाहीत. त्यांचं काम झालं होतं.

थाळ्या शेजारच्या लेथवर घासून सरळ करून आणेपर्यंत दुपार कलली. चाकं बसवताना मिस्त्रींनी अभिमनला बजावलं, ‘आते सरळ शेतस, पन पातळ व्हई गयात. आखो घासाले जागा नई. पातळ थाळी पहिलाच पानीमा वाकस. पुन्हा पानी पडनं तर फेकी देवानी, आनि नवी मुंबईथीन कव्हय ई ते देवले माहीत.’ अभिमननं मान हलवली. कोकिळेनंही ते ऐकलं. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

परतीला गाडी चाळीसगावच्या रस्त्याला लागली नाही.

‘हाऊ रस्ता कोठे जास?’ कोकिळेनं विचारलं, उत्तर माहीत असताना.

‘पायगुन ऱ्हाता तर उतारा करता उनता,’ इंदिराबाई समोर बघत म्हणाल्या. ‘पन हाऊ पायगुन नई. हाऊ हातना गुन शे. जानीसन करेल शे. अशी वहूना हातनं पानी मी कसं पिऊ?’

अभिमन खेळत होता. गाडी पुन्हा लोण्यासारखी झाली होती. तो वेग वाढवायचा, मग कच्चकन ब्रेक दाबायचा, आणि गाडी न थरथरता उभी राहिली की त्याच्या तोंडावर असा आनंद पसरायचा, जसा लग्नात हार घालतानाही पसरला नव्हता. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. ‘दख माय, दख!’ मागे त्याची बायको रडत होती आणि पुढे त्याची गाडी बरी झाली होती. अमळनेर येईपर्यंत पुढच्या चाकांतून तापलेल्या लोखंडाचा वास यायला लागला होता.

गल्लीत शिरून, दारासमोर शेवटचा एक कडक ब्रेक मारून गाडी थांबली. इंदिराबाई आतच बसून राहिल्या, पदर तोंडावर ओढून. अभिमन उतरला, त्यानं डिकी उघडली, वरचं गोणपाट बाजूला केलं आणि एक ट्रंक बाहेर काढली.

कोकिळेची ट्रंक. झाकणावर तिच्या बापानं लाल रंगानं तिचं नाव घातलेली. कुलूप लावलेली, आणि भरलेली, कारण अभिमनला ती दोन्ही हातांनी उचलावी लागत होती.

ती ट्रंक सकाळपासून गाडीत होती. गॅरेजच्या आधीपासून. मिस्त्रीनं थाळी वाकडी सांगितली असती किंवा सरळ सांगितली असती, ट्रंक भरूनच निघाली होती. गाडी दुरुस्त करायची आणि येता येता सून टाकायची, एवढाच बेत होता. आणि कोकिळा वेड्यासारखी देवाला सांगत होती, गाडी बिघडू दे म्हणून. तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की रडू थांबलं.

तेवढ्यात तिची आई तानुबाई दारातून धावत आली. लेक सासरच्या गाडीतून आली, हे त्या गल्लीनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. तानुबाईंच्या एका हातात ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा होता आणि दुसऱ्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या; दारात आलेल्या गाडीच्या चाकांवर पाणी टाकायची रीत अमळनेरातही होती.

‘माय व, मनी आंडेर उनी! जवाईनी गाडी उनी! थांबा, चाकवर पानी टाकू द्या!’

‘आन माय,’ कोकिळा म्हणाली. ‘मी टाकस.’

तिनं तांब्या घेतला. डाव्या चाकापाशी वाकली आणि नेहमीसारखी मधोमध धार सोडली. चर्र झालं, वाफ आली. मग ती गाडीच्या तोंडासमोरून पलीकडे निघाली. काचेआड इंदिराबाईंनी पदर बाजूला केला, त्यांचं तोंड उघडलं, आणि त्या ‘अभिमन!’ म्हणून ओरडल्या. पण अभिमनच्या दोन्ही हातांत ट्रंक होती. कोकिळेनं उरलेलं सगळं पाणी उजव्या चाकावर रिकामं केलं, शेवटचा थेंब झटकला आणि खिडकीपाशी तोंड नेलं.

‘आई, आतेपर्यंत तुमी सांगं म्हनीसन टाकं. हाई मी जानीसन टाकं. आते तुमनं बोलनं खरं झायं.’

ट्रंक धाडकन खाली पडली. अभिमन धावत आला, पण बायकोकडे नाही. तो चाकापुढे उकिडवा बसला आणि वाफ निघणाऱ्या थाळीजवळ हात नेऊन, दूर करून, पुन्हा नेऊन बघायला लागला. कोकिळेला हिवताप भरला होता तेव्हा तो तिच्या इतक्या जवळ बसला नव्हता.

तानुबाईंना काहीच उमजेना. त्यांनी खाली पडलेल्या ट्रंकेकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, गाडीतून न उतरणाऱ्या विहीणबाईंकडे पाहिलं. हातातला भाकरीचा तुकडा तसाच होता.

‘जवाईबापू जेवाले थांबतीन ना?’ त्यांनी हळूच विचारलं.

कोकिळेनं ट्रंकेची एक कडी धरली.

‘नई माय,’ ती म्हणाली. ‘त्यासनी गाडी बिमार शे.’